समाजवाद्यांचा आंतरराष्ट्रीय गोतावळा: कामाचा किती, मिरवण्याचा किती?

पोफळी

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. बाबांची. वर सेवा दलाची शिट्टी, दोन पांढऱ्या टोप्या, आणि तळाशी लाल पुठ्ठ्याची खिसावही. पहिल्या पानावर निळ्या शाईत, त्यांच्या तिरक्या अक्षरात: 'आशियाई परिषद, नोव्हें. ५६'. आत भाषणांचे मुद्दे सापडतील म्हणून उत्साहानं उघडली, तर निघाला हमाली, चहा आणि टॅक्सीचा हिशेब. बाबा तेव्हा तेवीस वर्षांचे, गिरगावात राहायचे. बाहेरगावच्या प्रतिनिधींना बोरीबंदरावर उतरवून घ्यायचं, हे त्यांचं काम.

ही परिषद म्हणजे आशियातल्या समाजवादी पक्षांच्या संघटनेचं दुसरं अधिवेशन. पहिलं जानेवारी १९५३ मध्ये रंगूनला झालं होतं. युरोपातल्या पक्षांनी १९५१ साली फ्रँकफुर्टला 'सोशालिस्ट इंटरनॅशनल' नव्यानं उभी केली. तिच्यातर्फे पाहुणा म्हणून रंगूनला कोण आलं? क्लेमंट अ‍ॅटली. ज्यांच्या पंतप्रधानकीत भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश सुटले, तेच अ‍ॅटली. तरीही आशियावाल्यांनी आपली चूल वेगळीच ठेवली, कारण युरोपातले कितीतरी 'साथी' अजून वसाहती सांभाळून होते.

मुंबईच्या अधिवेशनाचा मुहूर्त बघा. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आलं. यजमान प्रजा समाजवादी पक्ष. त्याचे एसेम जोशी संयुक्त महाराष्ट्र समितीचे सरचिटणीस, म्हणजे गावात आग लागलेली असताना घरी पाहुणे. तिकडे २९ ऑक्टोबरला इस्रायलचं सैन्य सिनाईत घुसलं, दोन दिवसांत ब्रिटिश आणि फ्रेंच विमानं सुवेझ कालव्यावरून इजिप्तवर बाँब टाकू लागली. ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये.

आता गंमत अशी की फ्रान्सचे पंतप्रधान गी मोले हे समाजवादी पक्षाचे. इस्रायलमध्ये सत्तेवर असलेला मापाई हाही समाजवादी, शिवाय या आशियाई संघटनेचा सदस्य. त्याचे माजी पंतप्रधान मोशे शॅरेट मुंबईच्या अधिवेशनाला आले होते. ज्या देशावर हल्ला झाला त्याच्या बाजूनं अख्खा आशिया, आणि हल्ला करणाऱ्यांतला एक पक्ष पंगतीला. वाढणाऱ्यानं करायचं काय?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं. हे पक्ष एकमेकांच्या खरे उपयोगी पडले ते अडचणीतल्या भावंडाला खोली, पैसे, छपाई, प्रवासाची सोय द्यायची वेळ आली तेव्हा. आणि त्यातलाच एखादा पक्ष सरकारात बसून तोफा डागू लागला की बाकीच्यांचे ठराव ओल्या लाकडासारखे: धूर पुष्कळ, जाळ नाही. १९१४ला हेच, १९५६ला हेच.

तुम्हाला काय वाटतं? (वहीतलं पुढे टाकते, अक्षर लावायला वेळ लागतोय.)

अर्धा_चहा

भारतातले समाजवादी दर दोन वर्षांनी फुटायचे आणि तीन वर्षांनी एक व्हायचे. त्यांनी खंडभराची एकी करायला घेतली यातच सगळं आलं. बाकी चालू द्या. वाचतोय.

दादरचा_जिना

अर्धा_चहा, टोमणा मान्य. पण तोच टोमणा इथे माहिती म्हणून कामाचा आहे. रंगूनला संघटनेचं कार्यालय झालं तेव्हा सहचिटणीस म्हणून आपले मधू लिमये गेले होते. त्याआधी १९४७ साली अँटवर्पच्या समाजवादी परिषदेला भारताकडून तेच. पुण्याचा पंचविशीतला पोरगा! म्हणजे मराठी माणूस या गोतावळ्यात पाहुणा नव्हता, कारकुनीपासून राबलेला होता.

मग १९५६च्या मुंबईत ते कुठे दिसतात? दिसत नाहीत. एकतर १९५५मध्ये पक्ष फुटून ते लोहियांबरोबर गेले होते. दुसरं म्हणजे ते गोव्यात पोर्तुगीजांच्या तुरुंगात होते. जुलै १९५५च्या सत्याग्रहात पकडले, बेदम मारलं, बारा वर्षांची शिक्षा ठोठावली. सुटले १९५७ साली. आणि फक्त तेच नाहीत. मे १९५५ची पहिली तुकडी घेऊन गेलेले नानासाहेब गोरे, हे तर यजमान पक्षाचेच, तेही आतच. मुंबईत जगभरचे समाजवादी पाहुणे, आणि घरातला कर्ता माणूस पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या कोठडीत.

तेव्हा पोर्तुगाल १९४९पासून नाटोचा सदस्य. त्याच नाटोत युरोपातल्या समाजवादी पक्षांचे देश. सालाझारला कुणी फार दुखवायला तयार नव्हतं.

संघटना का बसली तेही सांगतो, कारण 'भांडून संपली' असं ढोबळ म्हटलं जातं. भांडणानं नाही, लष्करी बुटांनी संपली. पाकिस्तानात १९५८ला मार्शल लॉ. ब्रह्मदेशातला सत्ताधारी गट १९५८ला फुटला, लष्करप्रमुख ने विन सत्तेवर आला, १९६२ला कायमचा. इंडोनेशियात शाहरिर यांच्या समाजवादी पक्षावर सुकार्नोनी १९६०ला बंदी घातली. डिसेंबर १९६०ला नेपाळच्या राजानं निवडून आलेल्या बी. पी. कोइरालांना उचलून तुरुंगात टाकलं. सदस्यच एकेक करून गजाआड गेल्यावर अधिवेशन कुणाचं भरवणार?

हिशेबनीस

माझा नेहमीचा प्रश्न. पैसे कुणाचे? आंतरराष्ट्रीय बंधुभाव विमानाच्या तिकिटावर चालतो. तिकीट कोण काढतं ते सांगा, मी राजकारण सांगतो.

बेरकी_बोका

पोफळीताई, तुमची यादी १९१४पासून सुरू होते. मी दहा वर्षं मागे नेतो.

ऑगस्ट १९०४, अ‍ॅमस्टरडॅम. दुसऱ्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे समाजवादी पक्षांच्या तेव्हाच्या जागतिक संघटनेच्या अधिवेशनात दादाभाई नौरोजी बोलायला उभे राहिले. वय ७८. अध्यक्षस्थानी हॉलंडचे व्हान कोल. अख्खं सभागृह आदरानं उठून शांत उभं राहिलं. रशिया-जपान युद्ध चालू असताना रशियाचे प्लेखानोव आणि जपानचे सेन कातायामा यांनी हस्तांदोलन केलं तेही याच अधिवेशनात. डोळे पाणावतात ना? थांबा.

तीन वर्षांनी, १९०७, स्टुटगार्ट. याच व्हान कोलमहाशयांनी पुढे केलेला मसुदा असा की समाजवादी राजवटीतही वसाहती ठेवायला तत्त्वतः हरकत नाही, त्यांतून मागासांचं भलं होऊ शकतं. (जावामध्ये त्यांचे स्वतःचे कॉफीचे मळे होते. हा योगायोग समजायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.) मसुदा पडला, पण किती मतांनी? १२७ विरुद्ध १०८. म्हणजे जगातल्या शोषितांच्या कैवाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे म्हणत होते, गोऱ्यांनी राहावं अजून थोडं.

आणि १९१४. २९-३० जुलैला ब्रुसेल्समध्ये सगळे पुढारी जमले. युद्धाविरुद्धचं मोठं अधिवेशन ९ ऑगस्टला पॅरिसमध्ये घ्यायचं ठरलं. ३१ला पॅरिसच्या एका कॅफेत जेवायला बसलेल्या फ्रेंच समाजवादी पुढारी जॉरेसना गोळी घातली. ४ ऑगस्टला जर्मन सोशल डेमोक्रॅट खासदारांनी युद्धाच्या कर्जाला एकगठ्ठा मत दिलं. त्यांच्यातल्या लिब्कनेश्टनी विरोधात हात वर केला तो डिसेंबरमध्ये, एकट्यानं.

अगदी अलीकडचं हवं? ट्युनिशियाचा हुकूमशहा बेन अली. त्याचा पक्ष सोशालिस्ट इंटरनॅशनलचा सदस्य होता. १४ जानेवारी २०११ला तो देश सोडून पळाला, १७ला पक्षाला काढलं. इजिप्तच्या मुबारकचा पक्षही सदस्य, त्याला ३१ जानेवारीला काढलं, म्हणजे लोक तहरीर चौकात आल्यावर. चोर पसार झाल्यावर कुलूप लावायची कला यांच्याकडून शिकावी.

नेकारकाठ

बोकोबा, मी स्टुटगार्टलाच राहतो, म्हणून दोन शब्द. ज्या लिडरहाले सभागृहात १९०७चं अधिवेशन झालं ती जुनी वास्तू युद्धात गेली, आताची नवी आहे. आपल्याला ते गाव आठवतं मादाम कामांमुळे. २२ ऑगस्टला त्यांनी तिथेच झेंडा फडकवला, हिरवा-पिवळा-तांबडा, मध्ये देवनागरीत 'वंदे मातरम्'. तो पुढे इंदुलाल याज्ञिकांनी लपवून भारतात आणला आणि पुण्यात केसरीवाड्यात आला. शाळेची सहल गेली होती तेव्हा काचेआड पाहिलाय. स्टुटगार्ट म्हणजे काय ते सरांनाही सांगता आलं नव्हतं, आणि आता रोज त्याच गावात ट्रॅम पकडतो. तर १२७ विरुद्ध १०८च्या त्याच अधिवेशनात आपल्याला व्यासपीठही मिळालं. दोन्ही खरं आहे.

आतून कसं दिसतं ते सांगतो. इथे सोशल डेमोक्रॅट पक्षाचं सदस्य व्हायला जर्मन नागरिकत्व लागत नाही. एका सहकाऱ्याच्या नादानं दोन वर्षांपूर्वी झालो. लाल रंगाचं छोटं सदस्य-पुस्तक मिळालं. वर्गणी मिळकतीप्रमाणे, दरमहा खात्यातून जाते. आमच्या वॉर्डाची शाखा एका खानावळीच्या मागच्या खोलीत भरते. पंधरा-सोळा माणसं, निम्मी साठीच्या पुढची. सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, सत्तरीच्या आजोबांनाही. मला पहिले तीन महिने जीभ उचलेना. 'गेनोसं' म्हणतात, म्हणजे आपल्या सेवा दलातलं 'साथी'च.

विषय काय असतात? शाळेसमोरचा झेब्रा क्रॉसिंग. पाळणाघराची फी. एकदा 'आंतरराष्ट्रीय' म्हणून घेतलेला विषय चाळीस मिनिटं चालला, त्यातली पंचवीस मिनिटं सभेला बिअर कुणी मागवली यावर. पण युक्रेनचं युद्ध सुरू झालं तेव्हा याच माणसांनी घरातल्या खोल्या रिकाम्या करून दिल्या. ठराव नंतर आला.

पोफळी

खोल्या! तेच म्हणतेय मी.

बोका, तुमचं सगळं मान्य, पण १९५६च्याच आठवड्यातली दुसरी बाजू ऐका. हंगेरीच्या आन्ना केत्ली. जुन्या सोशल डेमोक्रॅट. १९४८ला त्यांचा पक्ष कम्युनिस्टांत जबरदस्तीनं विलीन केला, पुढे त्या कैदेत. ५६च्या उठावात इम्रे नॉज यांच्या सरकारात मंत्री झाल्या आणि इंटरनॅशनलच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला गेल्या. तेवढ्यात रणगाडे आले. परतीची वाट बंद. त्या सरकारातलं जे थोडं बाहेर उरलं त्यात त्या, म्हणून हंगेरीची बाजू जगापुढे मांडायला कुणीतरी होतं. बैठकीत काय ठरलं ते कुणाला आठवत नाही. पण बैठक होती म्हणून एक बाई वाचली.

लिस्बनकर

हिशेबनीसांना उत्तर देतो, आणि दादरच्या जिन्यांच्या कोठडीपाशी परत येतो. दोन्हीचा धागा एकच आहे.

१९ एप्रिल १९७३. पश्चिम जर्मनीत बॉनजवळ बाड म्युन्स्टरआयफेल नावाचं गाव. तिथल्या फ्रीडरिश एबर्ट प्रतिष्ठानच्या प्रशिक्षण केंद्रात सत्तावीस पोर्तुगीज माणसं जमली. काही परागंदा, काही देशातून गुपचूप आलेली. प्रश्न: सालाझारच्या वारसांची राजवट चालू असताना पक्ष स्थापन करायचा का? वीस हो, सात नाही. 'नाही' म्हणणाऱ्यांत मारिया बारोसो होत्या, पुढारी मारिओ सोआरेश यांच्या पत्नी. नवऱ्याच्या पक्षाच्या जन्माला बायकोचं विरोधी मत! पक्ष झाला. वर्ष आणि सहा दिवसांनी, २५ एप्रिल १९७४ला, लिस्बनच्या रस्त्यांवर सैनिकांच्या बंदुकांत लोक कार्नेशनची फुलं खोवत होते. सोआरेश पॅरिसहून आगगाडीनं निघाले आणि २८ तारखेला सांता अपोलोनिया स्टेशनवर उतरले. मी रोज त्याच स्टेशनावरून कामाला जातो.

पैसे? एबर्ट प्रतिष्ठान सोशल डेमोक्रॅट पक्षाच्या जवळचं, पण खर्च मुख्यतः जर्मन सरकारी तिजोरीतून. म्हणजे जर्मन करदात्याचे. त्यामागे राजकारण होतंच: पोर्तुगाल कम्युनिस्टांच्या हातात जाऊ नये. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी तर आशाच सोडली होती, सोआरेशना त्यांनी तोंडावर केरेन्स्की (१९१७ला बोल्शेविकांनी उलथवलेला रशियाचा पंतप्रधान) म्हटलं होतं. जर्मनीचे ब्रांट, स्वीडनचे पाल्मे, ऑस्ट्रियाचे क्रायस्की या समाजवादी नेत्यांनी सोडली नाही. हेलसिंकीचा करार १ ऑगस्ट १९७५ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी पाल्मेंनी सगळ्यांना स्टॉकहोमला बोलावून पोर्तुगालसाठी मैत्री-समिती केली. ब्रिटनचे विल्सन होते, फ्रान्सचे मितराँ होते. तोवर एप्रिलच्या निवडणुकीत समाजवाद्यांना अडतीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळालीच होती, कम्युनिस्टांना तेरा टक्केसुद्धा नाहीत.

आता गोवा. हेच सोआरेश परराष्ट्रमंत्री झाले. ३१ डिसेंबर १९७४ला दिल्लीत त्यांनी करारावर सही केली आणि गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेली भारताचे हे पोर्तुगालनं अधिकृतपणे मान्य केलं. भारताकडून सही कुणाची? यशवंतराव चव्हाण. पोफळीताईंच्या वहीतल्या महिन्यात द्विभाषिकाचे मुख्यमंत्री झालेले तेच.

दादरचा_जिना

वा. हे डोक्यातच आलं नव्हतं. म्हणजे नानासाहेबांना आत टाकणाऱ्या राजवटीशी लढलेला माणूस आणि समितीनं ज्यांच्याविरुद्ध रान उठवलं ते यशवंतराव, एका टेबलाशी.

बेरकी_बोका

थांबा, हार घालू नका. गोवा १९६१ साली लष्करानं घेतला, समाजवादी बंधुभावानं नाही. तेव्हा सुरक्षा समितीत भारताला माघार घ्यायला लावणारा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्ताननं आणला आणि तो अडवला सोव्हिएत व्हेटोनं. १९७४ची सही म्हणजे तेरा वर्षांनी आलेली पोचपावती. सोआरेशच्या जागी दुसरा कुणी असता तरी आफ्रिकेतल्या युद्धांनी खंगलेल्या पोर्तुगालला ती करावीच लागली असती.

लिस्बनकर

'करावीच लागली असती' हे बरोबर. पण आठ महिन्यांत, बिनातक्रार? गोवा मुक्तीसाठी लढलेले सांगलीकडचे मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाश तुरुंगातून सुटले ते जानेवारी १९६९ला, गोवा मुक्त झाल्यावर सात वर्षांनी. जुनी राजवट पोचपावती देणारी नव्हती, बोकोबा. पोर्तुगालच्या दप्तरी गोवा तोवर पोर्तुगालचाच होता.

मांडवीची_ओटी

अवांतर नाही म्हणून टाकते. पोर्तुगालच्या त्याच समाजवादी पक्षाचे आंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पंतप्रधान होते, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. त्यांचे आजोबा मडगावचे. घरात त्यांना 'बाबूश' म्हणत, आणि मडगावात अजून तसंच म्हणतात. कोश्ता निवडून आले की आमच्या शेजारच्या काकी 'आमचो बाबूश जिखलो' म्हणून पेढे वाटायच्या. सोशल डेमोक्रसी म्हणजे काय ते काकींना विचारू नका.

अर्धा_चहा

पेढ्यांवर कुणाचा पैसा, हिशेबनीस विचारतील आता.

हिशेबनीस

विचारणार नाही, पेढ्यांना माफी. पण लिस्बनकरांचं उत्तर मला पटलं आणि पटलं नाही. पटलं, कारण पैशाचा उगम त्यांनी लपवला नाही. पटलं नाही, कारण मग हा 'पक्षांचा' सहकार कुठे उरला? जर्मनीची तिजोरी मोठी म्हणून जर्मन पक्षाचा शब्द मोठा. इंटरनॅशनलमध्ये हुकूमशहांचे पक्ष बसलेत म्हणून जर्मनांचं मन उडालं, तर त्यांनी २२ मे २०१३ला लायपझिगला, स्वतःच्या पक्षाच्या दीडशेव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, 'प्रोग्रेसिव्ह अलायन्स' ही नवी चूल मांडली. आता दोन संघटना. जुनीचे अध्यक्ष स्पेनचे सांचेझ. रंगूनवाल्यांकडे तिजोरी नव्हती म्हणून ती संघटना कुणाला आठवतही नाही.

तुलनेला स्वीडन घ्या. पाल्मेंच्या पक्षानं दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या एएनसीला वर्षानुवर्षं मदत केली, तीही सरकारी पैशातून. पण तिथे एएनसीनं काय करावं हे स्टॉकहोमहून ठरत नव्हतं. फरक तिजोरीत नाही, दोरी कुणाच्या हातात त्यात आहे.

आणि पोफळीताई, मुख्य मुद्दा राहिला. मुंबईच्या परिषदेचा खर्च कुणी केला? वहीत आहे का काही? भाषणं नकोत, आकडे द्या.

पोफळी

हिशेबनीस, परिषदेचा खर्च या वहीत नाही, बाबांच्या टॅक्सीचा आहे. तेवढाच देऊ शकते. आज सगळी पानं लावली.

चार दिवसांच्या नोंदी. हमाल, चहा, 'पान (गुजरातचे दोघे)', 'अ‍ॅस्पिरिन'. एका पानावर नुसतं 'बसेस बंद, चालत'. सुवेझबद्दल एकच ओळ आहे: 'इजिप्तवरून रात्री १ पर्यंत वाद. चहा ३ वेळा.' कोण काय म्हणालं, काही नाही. ते बहुधा दाराबाहेर किटली घेऊन उभे असावेत.

शेवटी बेरीज. मिळाले २५ रुपये, खर्च ३६ रुपये ६ आणे. खाली 'येणे ११-६-०' आणि एका कार्यकर्त्याचं नाव, ते इथे लिहीत नाही. पुढे तारखा आहेत: डिसेंबरात 'आठवण केली', जानेवारीत 'निवडणुकीनंतर देतो म्हणाले', मार्चमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह.

मग मे १९५७. तोवर १ एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे आले होते. नोंद अशी: 'रु. ११ न.पै. ३७ मिळाले. सहा आण्यांचे साडेसदतीस होतात. अर्धा नवा पैसा सोडला.'